वीतभर उजवीकडे

नाना : ...आणि वारा म्हणजे असा सुटलेला, बाई, की कावळे पुढे तोंड करून मागे उडत होते.

बाई : नाना, मी कावळ्यांचं विचारलं नाही.

नाना : कावळ्यांशिवाय वारा कसा कळणार तुम्हाला? तर आठशे पावलांवर खांब. खांबाला सुतळी, सुतळीला नाणं. मी पालथा झोपलो, श्वास अर्धा सोडला, अर्धा ठेवला. घोडा ओढला. गोळी नाण्याच्या बरोब्बर मधून पार! आणि गंमत म्हणजे सुतळी हललीसुद्धा नाही.

बाई : गोळी आरपार गेली आणि नाणं हललं नाही?

नाना : नाण्याला कळलंच नाही, बाई. दुसऱ्या दिवशी कळलं.

मिस्त्री : हेच ते नाणं, मॅडम. ह्या भिंतीवर काचेच्या चौकटीत. खालच्या खुंट्यांवर ती बंदूक असायची. नवी भरती आली की पहिल्या दिवशी पहिलं हेच दाखवतो मी.

बाई : तुम्ही ह्या शस्त्रागाराचे बंदूक-मिस्त्री. किती वर्षं?

मिस्त्री : अकरा. त्याआधी सहा वर्षं नानांच्या हाताखाली. नाना निवृत्त झाले तेव्हा ह्या खोलीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली.

नाना : किल्ली दिली, पण कुलूप बिघडलेलं होतं. हा अजून त्याचं सांगत नाही कुणाला.

बाई : चौकटीखाली पाटी आहे. "आठशे पावले, साधी सैनिकी बंदूक, एकच गोळी." बरोबर?

नाना : अक्षर माझंच आहे.

बाई : ही अभ्यागतांची जुनी वही. पहिल्या वर्षी कुणीतरी लिहिलंय, "नानांनी चारशे पावलांवरून नाणं टिपलं, धन्य झालो." चार वर्षांनी साडेपाचशे. आता आठशे. नाणं दर वर्षी मागे सरकतंय.

नाना : वय झालं की माणसाला लांबचं नीट दिसायला लागतं, बाई. जवळचंच दिसत नाही.

बाई : तुम्हाला इथे कशासाठी बोलावलंय, माहीत आहे?

नाना : गाडी पाठवली, ड्रायव्हरने दार उघडून धरलं. मी म्हटलं, सत्कार असणार. म्हणून हा कोट. इस्त्रीचा.

बाई : सत्कार नाही. मी चौकशी अधिकारी आहे. गेल्या सोमवारी दुपारी मागच्या कुंपणावर गोळीबार झाला. एक रंगारी जखमी झाला. गोळी मांडीतून आरपार गेलीय, पाय राहील की नाही हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

नाना : अरे देवा. घुसखोर होता का?

बाई : गोदामाच्या भिंती रंगवायला आलेला माणूस. संध्याकाळपर्यंत थांबायचं नव्हतं आणि फाटकावर झडती होते. पिशवीत अर्धा डबा रंग होता, घरचं दार रंगवायला घेतलेला. म्हणून मागच्या भिंतीवर चढला. पहारेकऱ्याने दोनदा हाक मारली. तो थांबला नाही.

नाना : आणि पहारेकऱ्याने मारली.

बाई : पहारेकरी म्हणतो, इशारा म्हणून मारली. भिंतीला टेकून रिकामं पिंप उभं होतं, त्या पिंपावर. अंतर तीनशे मीटर.

नाना : पिंप माणसापासून किती लांब?

बाई : डावीकडे दीड हात.

नाना : दीड हात? तीनशे मीटरवरून? माणसाच्या दीड हात शेजारी इशारा देतात का कुणी? आकाशात मारायची! मातीत मारायची! कोण आहे हा शहाणा?

बाई : ह्या वर्षीच्या भरतीत पहिला आलेला. तेवीस वर्षांचा.

मिस्त्री : मॅडम, नानांना तेही सांगा.

बाई : तुम्हीच सांगा.

मिस्त्री : नाना... तुमच्या नंतर इथे एक पद्धत पडली. भरतीत जो पहिला येतो ना, त्याला वर्षभर पहाऱ्याला ती बंदूक मिळते.

नाना : कुठली ती?

मिस्त्री : ह्या खुंट्यांवरची. तुमची. नाण्याची.

नाना : तू ती पहाऱ्याला दिलीस?

मिस्त्री : मान म्हणून, नाना. पोरं झुरतात तिच्यासाठी.

बाई : आता मुद्द्यावर येते. आमच्या वरिष्ठांचं म्हणणं असं आहे. ही साधी बंदूक नाही. आठशे पावलांवरून नाणं टिपलेली बंदूक आहे. त्यापुढे तीनशे मीटर म्हणजे काहीच नाही. मारणारा भरतीतला पहिला. अशी बंदूक आणि असा नेमबाज दीड हाताने चुकतो कसा? म्हणजे तो चुकला नाही. त्याने माणसालाच मारलं, जाणूनबुजून. आज चार वाजता कागद वर जातो. त्यानंतर ते माझ्या हातात नाही.

नाना : आणि मग?

बाई : पंधरा-वीस वर्षं आत.

नाना : पोरगा काय म्हणतो?

बाई : त्याचा जबाब वाचते. "मी पिंपावर नेम धरला असे मला आठवते. पण ही बंदूक चुकत नाही हे सर्वांना माहीत आहे. तेव्हा माझ्या मनात त्या माणसालाच मारायचे आले असणार आणि मला ते कळले नसणार. मी सही करायला तयार आहे."

नाना : असं म्हणाला?

बाई : दोनदा वाचून दाखवलं त्याला. दोनदा मान हलवली. रडलाही नाही. मला म्हणाला, मॅडम, मी वाईट माणूस आहे हे मला आधी माहीत नव्हतं.

नाना : पाणी आहे का रे इथे?

मिस्त्री : हे घ्या.

बाई : मला तुमच्याकडून एकच हवं, नाना. ह्या दाखल्यावर तज्ज्ञ म्हणून सही. "सदर बंदूक निर्दोष आहे." मिस्त्रींनी आधीच केलीय. तुम्ही ती बंदूक सगळ्यांत जास्त ओळखता.

नाना : बघू दाखला. "बंदूक तपासली, यंत्रणा निर्दोष, माशी नानांनी बसवल्याप्रमाणे." गड्या, तू ही तपासलीस कधी?

मिस्त्री : रोज पुसतो, नाना. अकरा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही.

नाना : पुसतोस कशी?

मिस्त्री : गज घालून. पुढून, तोंडातून. वीस-वीस वेळा. आरशासारखी केलीय.

नाना : तोंडातून. रोज. वीस वेळा. अरे, लोखंडी गजाने नळीचं तोंड घासून घासून तू त्याची कड खाल्ली असशील! गोळी बाहेर पडताना शेवटचा हात त्या कडेचा लागतो तिला. कड एका बाजूने झिजली की गोळी जाताजाता वाकडी बघते. मी तुला मागून पुसायला शिकवलं होतं.

मिस्त्री : मागून पुसायला खोलावी लागते. तुमची जुळणी कशी मोडू?

नाना : आणि चांदमारीला नेऊन मारून कधी बघितलीस?

मिस्त्री : नाही.

नाना : एकदाही?

मिस्त्री : ती झिजेल ना, नाना. सरावाला पोरं दुसऱ्या बंदुका नेतात. ही फक्त पहाऱ्याला.

बाई : थांबा. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा उभा दाणा ना? ज्यावरून नेम धरतात?

नाना : हो. मागच्या खाचेतून बघायचं, पुढे माशी दिसते, माशीवर निशाण ठेवायचं. प्रत्येक बंदुकीची माशी मारून बघून डावी-उजवी सरकवावी लागते. प्रत्येक माणसाच्या डोळ्याप्रमाणे थोडी पुन्हा. बूट पायात घालून बघतात तसं.

बाई : कारखान्यातून नीट बसवून येत नाही?

नाना : येते. बूटही येतोच की.

बाई : पण ही सैन्यासाठी बनवलेली बंदूक आहे. ती सर्वांत अचूक असणारच ना?

नाना : सैन्यासाठी बनवलेलं ब्लँकेट सर्वांत मऊ असतं का, बाई?

बाई : नसतं.

नाना : का नसतं? कारण ते लाखभर बनवायचं असतं, चिखलात टाकायचं असतं आणि तरी चालायला हवं असतं. बंदुकीचं तेच. हातात घेऊन हलवून बघा. ही घ्या, खुंटीवरची दुसरी. हलवा.

बाई : खुळखुळते.

नाना : झिजली असं वाटतं ना?

बाई : हो. सैल झालीय.

नाना : ती नवी कोरी आहे. मुद्दाम सैल ठेवलीय. आत माती गेली, वाळू गेली, गारठलं, तापलं, तरी गोळी सुटली पाहिजे. घट्ट बसवली तर चांदमारीवर फुलं टिपेल आणि खंदकात अडकून बसेल. सैनिकी बंदूक शंभर मीटरवर पाच गोळ्या एका तळहातात बसवते. तेवढ्यात ती खूश, तिचा कारखाना खूश आणि मीही खूश. नाणं वगैरे...

बाई : नाणं वगैरे काय?

नाना : काही नाही.

बाई : लांब नळी असली की नेम पक्का, असं ऐकलंय मी. ही तर चांगली लांब आहे.

नाना : लांब नळीने गोळीला वेग मिळतो. वाट मिळत नाही. उंच माणूस सरळ चालतोच असं आहे का? ते मरू दे. ती बंदूक कुठे आहे आत्ता?

बाई : माझ्याकडे. त्याच दिवशी सील केली. माशीला कुणी हात लावलेला नाही.

नाना : सील फोडा.

बाई : नाना, पावणेबारा झालेत.

नाना : मला पाच गोळ्या आणि वाळूची पोती द्या. मागे चांदमारीचं मैदान आहे. शंभर मीटर. जा पळत, या पळत.

मिस्त्री : नाना, नको. ती बंदूक मारायची नसते.

नाना : बंदूक मारायची नसते? मग काय तिच्याकडून कणीक मळून घ्यायची?

मिस्त्री : मॅडम, दाखल्यावर माझी सही आहे. पुन्हा तपासायची काय गरज?

बाई : तुमच्या आवाजाला घाम का सुटलाय, मिस्त्री?

मिस्त्री : नाही, तसं नाही.

बाई : सील मी फोडते. माझ्या सहीने, तुम्ही दोघं साक्षीला. चला.

(चांदमारीचं मैदान. वाळूच्या पोत्यांवर टेकवलेली बंदूक. पाच गोळ्या, प्रत्येकीनंतर बराच वेळ. मग बाई स्वतः चालत जाऊन निशाणाचा कागद काढून आणतात.)

नाना : सांगू नका. दाखवा.

बाई : पाचही गोळ्या लागल्या. पण काळ्या वर्तुळात एकही नाही.

नाना : कुठे आहेत?

बाई : उजवीकडे. ही इथे, ह्या दोन इथे, एक खाली, एक जरा वर. तुम्ही म्हणालात तसा एक तळहात. पण अख्खा तळहातच सरकलाय.

मिस्त्री : नाना, तुमचा डोळा... म्हणजे आता वयामुळे...

नाना : असेल. झोप खाली. तू मार पाच.

मिस्त्री : मी नाही मारणार.

नाना : का?

मिस्त्री : ती तुमची आहे, नाना.

बाई : मी मारते. पोत्यावर टेकलेली आहे, खाच आणि माशी तुम्ही दाखवलीत. आयुष्यात कधी मारली नाही म्हणजे माझ्या डोळ्याला सवयही नाही आणि कुणाची बाजूही नाही. सांगा कसं धरायचं.

नाना : खांद्यात घट्ट. गाल लाकडाला. माशीचं टोक काळ्याच्या तळाशी. आणि घोडा ओढू नका, दाबा. लिंबू पिळतात तसा. कधी सुटली ते तुम्हालाच कळता कामा नये.

बाई : ... खांदा गेला माझा.

नाना : अजून चार खांदे द्या.

बाई : ... झालं. मिस्त्री, कागद आणा. तेवढं तरी कराल ना?

मिस्त्री : हा घ्या, मॅडम.

बाई : माझ्या जरा पसरल्यात. पण त्याही उजवीकडे. तेवढ्याच.

नाना : हात लावून मोजतो. काळ्याच्या मध्यापासून... अंगठा इथे, करंगळी इथे. वीत. बरोबर एक वीत उजवीकडे.

बाई : शंभर मीटरवर एक वीत. म्हणजे तीनशेवर?

नाना : तीन विती.

बाई : तीन विती म्हणजे...

नाना : दीड हात.

बाई : पिंप डावीकडे होतं. माणूस उजवीकडे. दीड हात.

नाना : पोराने पिंपावरच धरली होती, बाई. पिंपाच्या अगदी मध्यावर. म्हणूनच त्या बिचाऱ्या रंगाऱ्याला लागली. ढ नेमबाज असता तर कदाचित कुणालाच लागली नसती.

बाई : माशी कितीने हललीय?

नाना : डावीकडे. माशी डावीकडे गेली की गोळी उजवीकडे जाते. ही बघा, माशीच्या बुडाशी जुनी रेघ आहे, माझ्या हातची, आणि माशी आता इथे. नखाने जाणवते. नाण्याच्या जाडीपेक्षाही कमी.

बाई : एवढ्याने दीड हात?

नाना : इथे नखाएवढं, तिथे माणसाएवढं. पण ही आपोआप हलत नाही. घट्ट ठोकलेली असते. हिला कुणीतरी फटका दिलाय. आता तू बोल, गड्या.

मिस्त्री : मी काय बोलू?

नाना : माशीच्या कानावर पितळेचा पिवळा ओरखडा आहे. ह्या खोलीत पितळेची एकच वस्तू आहे. टेबलावरच्या त्या वाइसच्या, त्या लोखंडी पकडीच्या जबड्यावरचे तुकडे.

बाई : मिस्त्री, वर कागद जायला चार तास आहेत. तेवीस वर्षांचं पोरगं स्वतःला गुन्हेगार समजून बसलंय.

मिस्त्री : दोन वर्षं झाली. वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी. चौकटीची काच पुसायला स्टुलावर चढलो. कोपर लागलं. बंदूक खुंटीवरून सुटली आणि तोंडाने वाइसवर आपटली.

बाई : मग?

मिस्त्री : उचलली. बघितली. डोळ्याला सरळ वाटली.

नाना : मग मारून का बघितली नाहीस, अरे? दुसरी कुठलीही बंदूक पडली असती तर तू त्याच दुपारी मैदानावर नेली असतीस. दहा गोळ्या मारून माशी जागेवर ठोकली असतीस. तुझ्यासारखा हात ह्या कामात नाही, हे मी शिकवलंय म्हणून म्हणत नाही.

मिस्त्री : कारण ती तुम्ही बसवली होती! मारली असती आणि वाकडी निघाली असती, तर मला ती सरकवावी लागली असती. मग ती तुमची राहिली असती का? नाण्याची राहिली असती? मी म्हटलं, एवढी नाणं टिपणारी बंदूक, एका आपटण्याने काय होतंय तिला. आणि कुणाला सांगायचं? की नानांची बंदूक माझ्या हातून पडली?

बाई : लिहून घेतलं. तर निष्कर्ष असा. बंदूक मुळात उत्तम. मिस्त्रीच्या हातून पडली, त्याने लपवलं, न तपासता खोटा दाखला दिला. पहारेकऱ्यावरचा मुख्य आरोप टिकत नाही. इतक्या जवळ इशारा दिल्याबद्दल जी शिक्षा व्हायची ती होईल, पण ती वेगळी. मिस्त्री, तुमची नोकरी जाणार आणि बहुधा खटलाही चालेल. एका माणसाचा पाय जायची वेळ आलीय.

मिस्त्री : हो, मॅडम.

बाई : नाना, तुम्ही मोकळे. तुमचं नाणंही शाबूत. इथे साक्षीदार म्हणून सही करा, गाडी घरी सोडेल.

नाना : गाडीवाला दार उघडून धरेल?

बाई : धरेल.

नाना : पेन द्या.

बाई : हे घ्या.

नाना : ... बाई, एक विचारू? पोराला तुम्ही विचारलंत का, की बाबा, आकाशात का नाही मारलीस?

बाई : विचारलं होतं.

नाना : काय म्हणाला?

बाई : म्हणाला, दुसरी कुठलीही बंदूक असती तर आकाशातच मारली असती. पण ही हातात होती. म्हणून वाटलं, पिंपावर मारली की आवाज होईल, तो घाबरून उतरेल, कुणाला काही होणार नाही. ही चुकत नाही म्हणून.

नाना : हं.

बाई : सही, नाना.

नाना : गड्या, स्टुलावर चढ. चौकट खाली काढ.

मिस्त्री : कशाला?

नाना : काढ म्हणतो ना. ह्या वेळी काही पाडू नकोस. ... दे इकडे. मागचे खिळे काढ. नाणं बाईंच्या हातावर ठेव.

बाई : हलकं आहे.

नाना : भोकाच्या कडेवरून नख फिरवा. आतून.

बाई : गुळगुळीत आहे. बारीक बारीक कडी लागतायत. गोल गोल.

नाना : नाणं सपाट आहे की वाकलंय?

बाई : सपाट.

नाना : गोळीने नाण्याची वाटी होते, बाई. कडा फाटतात, मागच्या बाजूला फुलासारख्या उमलतात. मी सांगू नये, पण तुमच्यासारख्या हुशार बाईने बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. सतरा वर्षं इथे येणाऱ्या एकाही माणसाने काच काढली नाही.

मिस्त्री : नाना, काय बोलताय तुम्ही?

नाना : त्या वाइसमध्ये धरलं होतं मी. त्याच वाइसमध्ये. आणि त्या कोपऱ्यातल्या ड्रिलने पाडलं. गोळीच्या मापाचं पातं शोधायला अर्धा तास गेला, भोक पाडायला अर्धं मिनिट.

मिस्त्री : खोटं. तुम्ही मला वाचवायला बोलताय.

नाना : मी आयुष्यभर खोटं बोललो तेव्हा तू विश्वास ठेवलास. आता एकदा खरं बोलतोय तर ह्याला खोटं वाटतंय! ड्रिलच्या खालचं लाकूड उलटं कर. तिथे नाण्याचा गोल वळ असेल.

मिस्त्री : ... आहे.

बाई : का केलंत, नाना?

नाना : ह्या बंदुका तेव्हा नव्या आल्या होत्या. जुन्या बंदुका घट्ट होत्या, लाकूड कसं शिसवी. ही आली ती खुळखुळत. भरतीची पोरं हलवायची आणि हसायची. म्हणायची, आम्हाला भंगार दिलंय. मी समजावलं, बाबांनो, हिचं सैल असणं हेच हिचं शहाणपण. कुणी ऐकेना. एक जण पहाऱ्यावर बंदूक खाली ठेवून झोपला, म्हणाला हिने काय लागणार आहे कुणाला. मग मी म्हटलं, खरं सांगून पोट भरत नाही ह्यांचं. दुसऱ्या दिवशी नाणं टांगून आणलं. चारशे पावलं म्हणालो.

बाई : आणि पोरं हसायची थांबली.

नाना : एका दिवसात. बंदुकीला जपायला लागली. मला वाटलं, केवढं मोठं काम झालं. पुढे लोक विचारायला लागले आणि माझी जीभ काय, पावलं वाढवत गेली. दर खेपेला पन्नास.

बाई : ती बंदूक तरी खास होती?

नाना : हाताला लागली ती उचलली. रांगेतली तिसरी. चौथी जवळ असती तर चौथी झाली असती नाण्याची.

मिस्त्री : मी अकरा वर्षं तिला पुसलं.

नाना : माहीत आहे, बाळा.

बाई : नाना, हे तुम्ही मला सांगायची गरज नव्हती. मिस्त्रीच्या कबुलीवर पोरगा सुटत होता.

नाना : सुटत होता. आणि हा अडकत होता, एकटा. ह्याने बंदूक पाडली, ते ह्याचं. लपवली, तेही ह्याचंच. त्याबद्दल ह्याच्या कानाखाली मी स्वतः वाजवीन. पण मारून का बघितली नाही, ते माझं. पोराने दीड हातावर का मारली, तेही माझं. ते लिहा. मिस्त्रीच्या नावाच्या वर माझं नाव लिहा.

बाई : तुमच्यावर कायद्याने फारसं काही होणार नाही. नाण्याला भोक पाडणं हा मोठा गुन्हा नाही. पण जबाब सगळीकडे वाचला जाईल. लोक हसतील.

नाना : लोक आधीही हसायचेच, बाई. पण तेव्हा मी हसवायचो.

बाई : सही करा. इथे, आणि इथे. मिस्त्री, तुम्ही इथे. साडेबारा. मी निघते. रुग्णालयातही जायचंय.

नाना : मलाही न्या तिथे. गाडीत जागा आहे ना?

बाई : काय सांगाल त्या रंगाऱ्याला?

नाना : माहीत नाही. गोष्ट नाही सांगणार, एवढं नक्की.

मिस्त्री : नाना... ही भिंत उघडी दिसतेय. चौकोनी पांढरा डाग राहिलाय. तिथे आता काय लावू?

नाना : आजचे दोन कागद आहेत ना? एकावर पाच माझ्या, दुसऱ्यावर पाच बाईंच्या?

मिस्त्री : हे आहेत.

नाना : ते लाव. आणि खाली बारीक अक्षरात लिही, शंभर मीटर, वीतभर उजवीकडे.

मिस्त्री : आत्ताच लावतो.

नाना : आत्ता नको. आधी त्या पोराकडे घेऊन जा. बोटाने दाखव त्याला, एकेक भोक. आणि सांग, तुझा नेम पिंपावरच होता.